मिरजेतलं बिनपाटीचं दुकान आणि आमचा परदेशी भोपळा

आधी व्यवहाराचं सांगतो. मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात मी दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं एक भोपळ्याचं वाद्य दुरुस्त करून घेतलं. खर्च १,८०० रुपये, त्यातले ५०० आगाऊ. मुदत पंधरा दिवसांची सांगितली आणि लागले सात आठवडे. फोन उचलत नाहीत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. तरीही पाचातले साडेचार तारे देतोय. अर्धा का कापला, ते पुढं येईल.

दुकानाचं नाव विचाराल तर सांगता येत नाही, कारण दुकानाला पाटीच नाही. गल्लीत शिरलं की चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, वास येतो. छताला अर्धे कापलेले भोपळे टांगलेत, भिजवून फाकवलेले, आत बांबूच्या काड्या ताणून बसवलेल्या. तसली तीन-चार दुकानं सोडून पुढं जायचं. ज्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ जमिनीवर बसून तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतायत आणि गिऱ्हाइकाकडं बघतही नाहीत, ते हे दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मीही म्हणतो, जरी माझं वय एकसष्ट आहे आणि ते माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे असतील.

मी संगीतातला नाही. आयुष्यभर पंपांचं इरेक्शन केलं. इम्पेलर, ग्लँड, अलाइनमेंट, एवढंच कळतं. २००८ ते २०११ दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतात होतो, फालाबोर्वा गावात. तिथं तांब्याची मोठी खाण आहे, आणि खाण म्हटली की पाणी उपसणं आलंच. माझ्या हाताखाली एक हेल्पर पोरगा होता, गियानीकडच्या खेड्यातला. त्सोंगा लोक हे. आपल्याकडं कुणाला नाव माहीत नसतं. शित्सोंगा ही तिथल्या सरकारमान्य भाषांपैकी एक आहे, आणि तिच्यात आजोबांना 'कोक्वाना' म्हणतात. या पोराच्या कोक्वानांचं हे वाद्य. नाव शितेंदे.

दिसायला काहीच नाही. माणसाच्या उंचीचं एक धनुष्य, त्याला धातूची एकच तार. तारेला साधारण मध्यावर एक फास टाकून ती काठीकडं ओढलेली, म्हणजे तारेचे दोन भाग होतात आणि दोन सूर मिळतात. जिथं फास, तिथंच काठीला मागून भोपळा बांधलेला, तोंड उघडं. ते तोंड छातीला लावायचं आणि तारेवर बारीक काडीनं मारायचं. भोपळा छातीपासून जरा उचलला की आवाज उघडतो, दाबला की मिटतो. तार एक, सूर दोन, बोट टेकवलं तर तिसरा. आपल्या गोंधळ्याच्या तुणतुण्याचा लांबचा भाऊ म्हणा, फक्त तुणतुणं साथीला असतं आणि हे एकट्या माणसाचं. शितेंदेवाला एकटाच गावोगाव हिंडत वाजवायचा आणि स्वतःचंच गाऱ्हाणं गायचा.

हे माझ्याकडं कसं आलं, तेही सांगतो. एका रविवारी त्या पोराच्या गावातल्या बोअरचा पंप मी बसवून दिला. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. २०११ साली निघायच्या आठवड्यात म्हाताऱ्यांनी हे काढून हातात दिलं. मी नको म्हटलं. त्यांनी नातवाकरवी सांगितलं की आता दम पुरत नाही, घरात वाजवणारं कुणी नाही. पोरं गिटारवाली आहेत.

सांगलीत गावभागात आमचं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या माळ्यापर्यंत आलं होतं. आम्ही विश्रामबागला मेहुण्याकडं. परत आलो तर कपाटं आडवी, गाद्यांचा चिखल, आणि शितेंदे मात्र माळ्याच्या तुळईला अडकून तरंगत राहिलेलं. भोपळाच तो, बुडतोय कशाला. मला एवढा आनंद झाला की मी ते धुऊन थेट गच्चीवर उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकन आवाज आला. काठापासून खालपर्यंत वीतभर तडा. काठीही वाकडी झालेली.

त्यानंतर पाच वर्षं ते तसंच. एका दुकानानं फायबरचा वाडगा बसवून देतो म्हटलं. दुसऱ्यानं सांगितलं, 'शोपीस म्हणून भिंतीवर लावा, छान दिसेल.' २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली आणि मनात म्हटलं, अरे, दहा किलोमीटरवर भोपळ्यात आयुष्य घालवलेली माणसं बसलीत आणि आपण कुठं फिरतोय. शिकलगार घराणी ही. मूळची हत्यारांना धार लावणारी. तलवारींची गरज संपली तशी वाद्यांकडं वळली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली.

तर चाचा. त्यांनी वाद्य हातात घेतलं, उलटं केलं, बोटाच्या पेरानं भोपळा तीन ठिकाणी वाजवून बघितला.

"कडू भोपळाच की ओ हा. आपलाच."

"आफ्रिकेतला आहे, चाचा."

"जात तीच." मग तड्यावरून अंगठा फिरवला. "उन्हात ठेवलावता?"

मी पुराचं सांगायला लागलो.

"पुरानं नाही फोडला. तुम्ही फोडला."

आणि मग जो प्रश्न आला त्यासाठी हा सगळा लेख लिहितोय. "वाजवणारा कोण होता?"

मला वाटलं, जुनं म्हणून किंमत वाढवायचा विचार असेल. म्हटलं, होता एक म्हातारा. चाचा म्हणाले, तसं नाही चालत. बसून वाजवायचा का उभा? छाती भरलेली का खपाटीला? आवाज खालचा का वरचा? भोपळ्याचं तोंड छातीला लागतं म्हणताय, म्हणजे अर्धं वाद्य तो माणूसच झाला. तो कळल्याशिवाय मी कानस लावणार नाही.

अशी ती गोष्ट चार-पाच फेऱ्यांमध्ये सांगून झाली. दर वेळी थोडी. चाचा काम थांबवत नसत, पण मधेच अडवून विचारायचे.

शितेंदेवाले म्हातारे २००९ मध्ये सत्तरी ओलांडलेले. लहानपणी गुरं राखायला जायचे, तेव्हा मामानं वाजवायला शिकवलं. तिकडं मामाला 'मालुमे' म्हणतात, आणि मामा-भाच्याचं नातं थट्टामस्करीचं, लाडाचं. आधी शिझांबी शिकले. तेही धनुष्यच, पण लहान, ताडाच्या पानाच्या पट्टीची तार, दातरे पाडलेल्या काठीवर दुसरी काठी घासायची आणि तार ओठांत धरायची, म्हणजे तोंडाचीच पोकळी भोपळ्याचं काम करते. चाचांना हे फार आवडलं. त्यांनी पुतण्याला हाक मारून ऐकवलं, "बघ, भोपळा परवडत नसंल तर तोंड हाय."

विशीच्या आत जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत. 'जोनी'ला जाणं म्हणतात त्याला, जसं आपल्याकडं एके काळी माण-खटावचे लोक ममईला जायचे गिरणीत. करारावर जायचं, महिनोन् महिने कंपाउंडात, म्हणजे खाणीच्या वसाहतीत, राहायचं, रविवारी प्रत्येक जमातीचा आपापला नाच. त्सोंगांचा मुचोंगोलो, पाय आपटून ढोलांवर. शितेंदे खोलीत ठेवायला जागा नाही, म्हणून तिथं त्यांनी तेलाच्या डब्याला तारा लावून गिटार केली. मग खरी घेतली. १९६५ साली त्यांच्या भाषेत रेडिओ सुरू झाला, आज त्याचं नाव मुंघाना लोनेने, म्हणजे खरा मित्र. रेडिओला गाणी लागायची, तबकड्या निघायला लागल्या, आणि हे स्टुडिओत मागं बसून गिटार वाजवायला जाऊ लागले. एका बैठकीचे ठरलेले पैसे, हातात, संपलं. तबकडीवर नाव गायकाचं.

"इथं तरी कुठं असतंय," चाचा म्हणाले. "बैठकीत कुणी विचारतंय होय तंबोरा कुणी केला म्हणून?"

त्या संगीतातली थोडी नावं मला पाठ झाली, कारण तिथल्या टॅक्स्यांमध्ये, म्हणजे आपल्या वडापसारख्या गाड्यांमध्ये, दुसरं काही लागायचंच नाही. जनरल एम. डी. शिरिंदा आणि त्यांच्या गाझा सिस्टर्स. अमेरिकेचा पॉल सायमन १९८६ मध्ये जो आफ्रिकन वाद्यांचा अल्बम घेऊन आला, त्यातलं एक गाणं शिरिंदांच्या संगीतावर बेतलेलं आहे, गाझा सिस्टर्सचे आवाजही त्यात आहेत, आणि श्रेय शिरिंदांच्या नावानं दिलेलं आहे. दुसरे थॉमस चौके. चौके म्हणजे तिथले फार मोठे. १९५२ चा जन्म, शिन्योरी सिस्टर्स हा त्यांचा संच, आणि प्रत्येक अल्बमचं नाव एकच, शिमात्सात्सा, पुढं फक्त क्रमांक. दुकानात जायचं आणि नंबर सांगायचा, जसं आपण खताच्या दुकानात सांगतो. रचना साधी: पुरुष एक ओळ टाकतो, बायका ती झेलतात, मागं वरच्या पट्टीत गिटार किणकिणत राहते. ओळ उंचावर सुरू होते आणि पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते. लग्नात बायका त्यावर शिबेलानी घालून नाचतात, लोकरीचा थरांवर थर असलेला जाड घागरा, आणि सगळी करामत त्या घागऱ्याला कमरेनं झुलवण्यात. मी एकदा बघायला गेलो आणि ड्यूटी विसरलो. असो, हे विषयाला सोडून झालं.

म्हाताऱ्यांचं यात कुठं नाव नाही. एका संचाबरोबर काही वर्षं हिंडले. तो काळ गाझांकुलूचा, वर्णभेदी सरकारनं त्सोंगांसाठी वेगळी काढलेली 'मायभूमी', राजधानी गियानी. १९९४ ला ती मोडली. त्या काळात गावाबाहेर पाऊल टाकायचं तर खिशात पास, म्हणजे सरकारी परवाना, नाहीतर रात्र कोठडीत. गिटारच्या पेटीपेक्षा पास जपायचो, असं ते सांगायचे. मग खाणीच्या धुळीनं छाती धरली. सोन्याच्या खाणीतल्या दगडाची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. गिटार विकली, गावी आले आणि मामाचं शितेंदे परत हातात घेतलं.

इथं चाचांनी कानस खाली ठेवली. "मग गायचा कसा?"

हे मी कधी नीट विचारच केला नव्हता. माझ्या जुन्या फोनमध्ये चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे, तो दाखवला. म्हातारे शर्टाची वरची बटणं सोडून बाकड्यावर बसलेत. अर्धी ओळ गातात, तीही पुटपुटल्यासारखी, आणि थांबतात. तार वाजत राहते. भोपळा छातीवरून उघडतो, मिटतो. मग पुन्हा अर्धी ओळ. मला इतकी वर्षं वाटायचं की गाणंच तसं आहे. चाचांनी तो व्हिडिओ नऊ-दहा वेळा लावला आणि म्हणाले, "दम संपला की भोपळ्याला बोलू देतोय. म्हणजे याला आस लांब पाहिजे. डागडुजी जड केली तर हा मुका होईल."

आस म्हणजे टोल्यानंतर रेंगाळणारा नाद. कामाची सगळी दिशा तिथं ठरली. मी तड्यात भरपूर एपॉक्सी भरून घट्ट करायला सांगणार होतो. फिटर माणूस, गळती दिसली की भरा. चाचांनी आतून कापडाची फक्त एक पट्टी लावली, सरसानं, पारदर्शक होईल एवढी पातळ. बाहेरून भोपळ्याचीच भुकटी सरसात कालवून तडा बुजवला. काठाचा टवका उडाला होता, तो वरून तुकडा न जोडता सगळा काठच केसभर उतरवून सारखा केला, म्हणजे छातीला टोचणार नाही आणि फटही राहणार नाही. वाकडी काठी बदलून बांबूची घालू का, हे त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच नको म्हटलं. ओल्या फडक्यात गुंडाळून उलट्या बाजूनं ताणून बांधून ठेवली. उशीर त्यानं झाला. तीन आठवडे ती खांबाला बांधलेली मी स्वतः बघितली आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. फोन उचलून 'काठी वळत नाही अजून' एवढं सांगितलं असतं तर माझ्या चार फेऱ्या वाचल्या असत्या, ही तक्रार आहे.

तारेचा घोळ वेगळा. जुनी तार तांब्याची होती, पुरात हिरवी पडून तुटायला आलेली. मी मोठ्या ऐटीत मोटारीच्या वाइंडिंगची तार घेऊन गेलो होतो. चाचांनी ती बोटाला गुंडाळून माझ्याकडं परत दिली, बोलले काही नाहीत. मऊ असते ती, ताणली की ताणतच जाते. त्यांनी तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार लावली, २२ गेजची. फास कुठं टाकायचा हे मला सांगता येईना, जुनी खूण पाण्यानं गेलेली. मग पुन्हा तो व्हिडिओ. कानाला फोन लावून फास वर-खाली सरकवत बसले, पाऊण तास. दोन सुरांमधलं अंतर जुळलं तेव्हा नुसतं "हां" म्हणाले आणि तिथं काठीवर पेन्सिलीनं रेघ मारली. ही रेघ पुसू नका, एवढंच बजावलं.

आता अर्ध्या ताऱ्याचं. सहाव्या आठवड्यात गेलो तर पुतण्यानं, चांगल्या मनानंच, अर्ध्या काठीला आणि भोपळ्याच्या वरच्या अंगाला चपड्याचं पॉलिश मारून ठेवलं होतं. चकचकीत. हस्तिदंती रंगाची पट्टी काठावर लावायची तयारीही चालली होती. पोराला वाटलं, साहेब लांबून येतायत, गोष्टी सांगतायत, काम उठून दिसावं. मला बोलवेना. त्या काठीवर म्हाताऱ्यांच्या तळव्याचा काळा डाग होता, जिथं धरायचे तिथला. तो पॉलिशखाली दबून लालसर झाला. चाचांनी पुतण्याला माझ्यासमोरच झापलं, स्पिरिटनं पॉलिश उतरवून घेतलं, त्या कामाचे पैसे लावले नाहीत. डाग बराचसा राहिला आहे. सगळा नाही.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर पहिल्यासारखा नाही. पितळेमुळं जरा टणक झालाय, व्हिडिओतला तांब्याचा आवाज जास्त गोल आहे. पण आस तशीच लांब आहे. आमच्या दिवाणखान्यात एक टोला मारला की स्वयंपाकघरात सौ. भाकरी थापता थापता विचारते, "अजून वाजतंयच का ते?" मला वाजवता येत नाही. माझं पोट मधे येतं. चाचांनी सुचवलं की पोट आत घ्यायला जमत नसेल तर भोपळा जरा वर, खांद्याच्या खालच्या खळग्यात लावून बघा. बघितलं. फरक पडतो.

कुणी जावं? ज्याच्या घरी आजीचा तंबोरा, दिलरुबा, एकतारी, काहीही तडकलेलं पडलंय आणि ज्याला घाई नाही, त्यानं जरूर. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, लवकर करून द्या, अशांनी गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात जावं, तिथंही कारागीर हात चांगला चालवतात. वाद्य कुणाचं होतं ते ठाऊक नसेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जा, कारण इथं तो प्रश्न येणारच. आणि पॉलिश नको असेल तर पहिल्याच दिवशी, पुतण्याच्या देखत, मोठ्यानं सांगा.

गाडी गल्लीत नेऊ नका, मिरासाहेब दर्ग्याच्या बाजूला लावून चालत या. उरुसाच्या दिवसांत जाऊ नका, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं असतं आणि सगळे कारागीर तिकडं. शुक्रवारी दुपारी बंद. रोख ठेवा.

पावती मी शेवटी मागून घेतलीच. चाचांना वाद्याचं नाव लिहायचं होतं, मी दोनदा उच्चारून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं: 'भोपळा एक, खाणवाल्या बाबांचा. तडा भरला. तार नवी. १,८००.'